किल्ल्यातला पाय

आमच्या डॉक्टरसाहेबांनी इतिहास पाहिला, असं लोक म्हणतात. पाहिला असेल. मी त्यांच्या ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं धुवायचे आणि उकळायचे, त्यामुळे त्यांनी काय काय कापलं ते मला माहीत आहे. इतिहासाचं मला फारसं सांगता येणार नाही.

माझं शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत. आम्ही नेवासे तालुक्यातले, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. नवरा कामाला म्हणून मुंबईला गेला आणि परत आला नाही. मेला नाही, फक्त आला नाही. मग मी नगरला एका लहान मिशन दवाखान्यात लागले. आधी फरशी पुसायचे. फरशी नीट पुसते म्हणून हत्यारांवर घेतलं.

साहेबही आमच्यातलेच, शेवगावकडचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. साहेब मुंबईला डॉक्टरी शिकले आणि पास होतात न होतात तोच पहिली लढाई लागली. सरकारने त्यांना तिकडे इराकात, बसऱ्याला पाठवलं. तिथे नदीकाठी तंबूत ते शिपायांचे हातपाय कापत होते. एकदा दवाखान्यात आलेल्या एका पाहुण्याने त्यांना विचारलं, "किती पाय कापले असतील हो?" साहेब म्हणाले, "मोजायला दुसरा माणूस होता."

लढाईहून पुष्कळ लोक काही ना काही घेऊन आले. कुणी घड्याळ आणलं, कुणी घोंगडी. साहेब एक नियम घेऊन आले. रोगी शुद्धीत असेल तर त्याने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत "कापा" म्हटल्याशिवाय ते सुरीला हात लावत नसत. बापाचं चालत नसे, नवऱ्याचं चालत नसे. नवरा म्हणायचा, "कापा साहेब, मी सांगतो ना." साहेब विचारायचे, "पोट तुमचं आहे का?"

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. बसऱ्याला पारनेरचा एक शिपाई होता. त्याला बेशुद्ध आणलं आणि तसाच पाय कापला. जागा झाल्यावर त्याने घोंगडीखाली बघितलं आणि साहेबांना विचारलं, "कुणाला इचारून कापला?" साहेब म्हणाले, "कर्नलला." शिपाई म्हणाला, "मंग कर्नलचा कापायचा."

या नियमापायी काही माणसं मेली. "कापा" म्हणायला घाबरली आणि मेली. साहेबांना ते माहीत होतं. नियम त्यांनी बदलला नाही.

बेचाळीस साली सरकारने देशाचे मोठे पुढारी पकडून आमच्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. ते कुठे आहेत हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे भिंगारपासून माळीवाड्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. लोक मुद्दाम किल्ल्यावरून वाट वाकडी करून जात. थांबलं की पहारेकरी हटकायचा, म्हणून चालता चालताच बघायचे. बघायला काय होतं? भिंत होती. ती आधीपासूनच होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ दवाखान्यात आला. तो घोडेगावच्या बैलबाजारात एका दलालाच्या हाताखाली होता. बैल पळवून दाखवायचा, दात दाखवायचे, आणि दलाल रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं धरून सौदा करत असला की गप्प उभं राहायचं, एवढं काम. भरल्या गाडीचं चाक त्याच्या पावलावरून गेलं. गावातल्या वैदूने वर पाला बांधला आणि सोडायचा नाही म्हणून बजावलं. त्याने सोडला नाही. ऐकणारा होता. आणलं तेव्हा फाटकातून वास आधी आला आणि मग गाडी आली. आईने उतरवायला हाक मारली, तेव्हा मला कळलं की हा आपला आहे.

साहेबांनी पाला सोडला. पाऊल काळं होतं. ते भावाला म्हणाले, "गुडघ्याखाली कापावा लागेल. आज, उद्या, फार तर परवा. त्यानंतर गुडघ्याच्या वर. त्याच्यानंतर मला बोलावू नका."

भाऊ म्हणाला, "न्हाई."

"मरशील."

"मरंन. लंगड्यानं बैल कसा पळवायचा? बाजारात लंगडा बैल कुणी घेत न्हाई, लंगडा मानूस कोन घेतंय?"

आई मध्ये पडली. "कापा साहेब. म्या आई हाय त्याची, म्या सांगते."

"पाय तुमचा आहे का?"

"मंग कुनी दिला त्याला?"

"दिलात ना? आता तो त्याचा झाला," साहेब म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी त्या दिवशी भावाला समजावलं, रागावले, पाठीत एक धपाटाही घातला. तो भिंतीकडे तोंड करून पडला. ताप चढत होता. बाकी खाटांवरचे लोक त्याला सांगत होते की म्हण बाबा, दोन अक्षरं तर आहेत. तो म्हणाला, "तुमीच म्हना की मंग, तुमच्या पायाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात लष्कराची मोटार आली. त्यांचा गोरा सर्जन हिवतापाने पडला होता, आणि किल्ल्यातल्या कुणाला तरी डॉक्टर हवा होता. मोटारीतल्या अधिकाऱ्याने साहेबांना बायबलवर हात ठेवायला लावला. आत काय बघितलं, काय केलं, कुणाला बघितलं, यातलं अक्षर बाहेर बोलायचं नाही. साहेबांनी शब्द दिला. मग मला म्हणाले, "बाई, हत्यारं भरा."

हत्यारांचा नेहमीचा पत्र्याचा डबा होता, त्याचं झाकण वाकलं होतं. मोटारीत आदळून सगळं सांडलं असतं. चांगली, कडीची, धरायला मूठ असलेली पेटी एकच होती, ती करवतीची. लांबट सागवानी पेटी, कोपऱ्यांना पितळ. तिच्यात करवतीला तिची स्वतःची खाच होती, ती काढून ठेवण्याचं काही कारण नव्हतं. मी बाकीची हत्यारं फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवली आणि पेटी मोटारीत नेऊन दिली.

साहेब दुपारी परत आले. पेटी मी उघडली. लहान सुरी वापरलेली होती, एक चिमटा आणि पू धरायची वाटी. करवतीवर मी लावलेलं व्हॅसलिन होतं तसं होतं. म्हणजे गळू. मी सगळं धुतलं आणि उकळायला ठेवलं. साहेबांना विचारलं नाही, विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. देशाच्या इतिहासातला माझा वाटा म्हणाल तर तेवढा. ती वाटी मी दोनदा घासली.

आता दवाखान्याच्या आवारात एक कडुलिंब होता. रोग्यांची माणसं त्याच्याखाली तीन दगडांची चूल मांडून राहायची. त्यांना दिवसभर काम नव्हतं, त्यामुळे पेटी मोटारीत चढताना त्या सगळ्यांनी बघितली. त्यांच्यात सुप्याची एक म्हातारी होती. ती म्हणाली, "ही पेटी म्या वळखते. आमच्या मालकाचा पाय हिच्यातल्या करवतीनंच गेला."

दुसरी म्हणाली, "मंग किल्ल्यात कशाला न्हेली?"

"आता करवत काय केस कापाया न्हेत्यात व्हय?"

संध्याकाळपर्यंत नगरात झालं की किल्ल्यात एका पुढाऱ्याचा पाय कापला. कापडबाजारातली काही दुकानं बंद झाली. कुणाचा पाय, यावरून भांडणं लागली. प्रत्येकाला आपल्या आवडत्या पुढाऱ्याचा हवा होता. दोघांनी तर एकमेकांच्या टोप्या उडवल्या, असं आमच्या दूधवाल्याने सांगितलं. तो स्वतः उजव्या पायाच्या बाजूने होता.

पोलिसांचा फौजदार आमच्या साहेबांकडे आला. "ही अफवा कुणी उठवली?"

"मी काही बोललो नाही," साहेब म्हणाले.

"मग खोटं आहे असं जाहीर सांगा."

"तेही बोलणंच झालं. शब्द दिलाय मी. तुमच्याच लोकांना."

"अहो, पण दुकानं बंद आहेत!"

"मग किल्ल्यातल्या तुमच्या कर्नलला सांगायला सांगा."

फौजदार टोपी घालून गेला. कर्नल काय सांगणार? किल्ल्यात कुणी आहे असं सरकार अजून म्हणतच नव्हतं. जो माणूस तिथे नाही त्याचा पाय शाबूत आहे, हे सांगायचं कसं?

ही बातमी लिंबाखालून वॉर्डात यायला वेळ लागला नाही. सकाळी साहेब फेरीला आले तेव्हा भाऊ कोपरावर उठून बसला होता. डोळे तापाने लाल. काळपट लाली नडगीवर चढलेली.

"साहेब, खरं हाय का? तुमी किल्ल्यात पाय कापला?"

"किल्ल्याचं मला काही बोलता येत नाही."

"म्हंजी खरं."

"खरं असं मी म्हटलं नाही."

"खोटं असं तरी कुठं म्हटलात?"

शेजारच्या खाटेवरचा एकजण हसला. साहेब हसले नाहीत. ते भावाच्या पायाकडे बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर दिलेला शब्द मोडला असता, आणि न बोलल्याने जे होत होतं तेही त्यांना दिसत होतं. मी हातात तबक घेऊन मागे उभी होते. भाऊ माझ्याकडे वळला.

"आक्का, तू धुतीस हत्यारं. तू सांग."

मी म्हटलं, "आतलं बाहेर सांगायची मनाई आहे."

ते खरंच होतं, तशी मनाई होती. मला तो जिवंत हवा होता आणि गळवासाठी कुणी पाय कापून घेत नाही. त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही, आजही दिसत नाही.

भाऊने वर कौलांकडे बघितलं. मग म्हणाला, "एवढा मोठा मानूस. इंग्रजाच्या कैदेत, घरचं कुनी जवळ न्हाई. त्यानं दिला. आन मी बैल पळवायचा म्हनून धरून बसलोय." आणि मोठ्याने म्हणाला, "कापा."

साहेब हलले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याचं सोड. तुझ्या पायाचं तू सांग."

"कापा म्हनलो न्हवं? का किल्ल्यात बी असंच इचारत बसला हुता?"

सगळा वॉर्ड हसला. आई रडता रडता हसली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, पाणी ठेवा."

क्लोरोफॉर्म दिला, साहेबांनी कापला, पाय मी धरला होता. हलका होता. आईने तो मागून घेतला आणि दवाखान्यामागे पुरला. चर्चच्या पाळकांना प्रार्थनेला बोलावलं तर ते म्हणाले, नुसत्या पायाची प्रार्थना नसते. त्यांचंही बरोबर होतं.

भाऊ जगला. कुबडी घेऊन घोडेगावला परत गेला आणि वर्षभरात स्वतःच दलाल झाला. बैल पळवायला त्याने माणूस ठेवला. सौदा रुमालाखाली बोटांनीच होतो, त्याला पाय लागत नाही, हे त्याला आधी सुचलं नव्हतं. लोक त्याला बघायला यायचे. पुढाऱ्याचा पाय आणि याचा पाय एकाच करवतीने, एकाच आठवड्यात कापलेला. तो मांडीवर थाप मारून सांगायचा, "आमी दोघं."

साहेब मात्र बिघडले. काम तेच, हातही तसाच. पण भाऊ मलमपट्टीला आला की ते खाली बघून पट्टी बांधायचे आणि बोलायचे नाहीत. एकदा हात धुताना मला म्हणाले, "बाई, त्याने कापा म्हटलं ते कशावर म्हटलं?"

मी म्हटलं, "गाडीचं चाक गेलं त्यावर."

"हं," म्हणाले. पटलं नव्हतं.

पुढे पुढाऱ्यांना नगरहून हलवलं, मग सोडलं. वर्तमानपत्रात त्यांचे फोटो आले. कुणी सभेत उभे, कुणी विमानातून उतरताना. भावाने फोटो बघितले असतील असं मला वाटलं होतं. तो काही बोलला नाही. साहेबही बोलले नाहीत. त्यांनी शब्द ज्या सरकारला दिला होता ते अजून होतं.

सत्तेचाळीस साली ते गेलं. किल्ल्यावर आपला झेंडा लागला, दवाखान्यात सगळ्यांना साखर वाटली. त्याच आठवड्यात साहेबांनी भावाला निरोप धाडला. तो पेढे घेऊन आला. साहेबांनी त्याला आपल्या खोलीत बसवलं, मलाही थांबायला सांगितलं.

"तुला एक सांगायचंय," साहेब म्हणाले. "किल्ल्यात मी कुणाचा पाय कापला नाही. गळू होतं. मानेवर. फोडलं आणि परत आलो."

भावाने पेढ्याचा पुडा सोडला. "घ्या साहेब."

"ऐकलंस का?"

"ऐकलं की. इंग्रज गेला तरी तुमी दिला शब्द मोडत न्हाई. असा मानूस म्या बघितला न्हाई."

"अरे, मोडतोय! आत्ता मोडतोय. फोटो बघितलेस ना? सगळ्यांना दोन दोन पाय आहेत."

"एक लाकडाचा हाय. विलायती. धोतराखाली कळत न्हाई. चालन्यावरून मी वळखला, पन नाव घेनार न्हाई. त्यांनी लपवलंय तर आपन कशाला बोला?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गळूच होतं. वाटी मी घासली."

"आक्का, तू तर तवाच म्हनलीस, मनाई हाय म्हनून," भाऊ म्हणाला. "मनाई हाय ती हायच." त्याने एक पेढा माझ्या हातावर ठेवला, कुबडी घेतली आणि निघाला.

जाताना तो वॉर्डात थांबला. तिथे पाथर्डीचा एक म्हातारा होता. बाभळीचा काटा मोडून त्याचा अंगठा सडला होता आणि काळं घोट्यावर चढलं होतं. त्याचा मुलगा पायाशी बसून होता. म्हातारा काही केल्या "कापा" म्हणत नव्हता. भावाने तुटका पाय त्याच्या खाटेच्या कडेवर टेकवला आणि किल्ल्याची गोष्ट सांगितली. चांगली सांगायचा तो. म्हातारा ऐकता ऐकता उठून बसला. आम्ही दारात उभे होतो. म्हातारा साहेबांना बघून म्हणाला, "मंग माजा बी कापा साहेब. आमी काय त्यांच्याहून थोर हाय का?"

साहेब खाटेजवळ गेले. "किल्ल्यात कुणाचा पाय कापला नाही," ते म्हणाले. "मी तिथे होतो. ही गोष्ट खोटी आहे. तुमचा पाय सडलाय, कापला तर जगाल, नाही तर जाल. आता सांगा."

म्हातारा भावाकडे बघत राहिला, मग साहेबांकडे. "खोटी हाय?"

"हो."

"मंग नगं," म्हातारा म्हणाला आणि आडवा झाला.

भाऊ साहेबांवर ओरडला. दवाखान्यात साहेबांवर कुणी ओरडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "काय केलं हे साहेब! कापा म्हनला हुता की त्यो! गप ऱ्हायाचं हुतं. तेवढं तर येतं न्हवं तुमाला!" भाऊ कुबडी आपटत गेला, आणि त्यानंतर दवाखान्यात आला नाही. मला भेटायचं असलं तर फाटकाबाहेर उभा राहायचा.

मीही साहेबांना म्हटलं, "बोलायची काय गरज होती?"

"मागच्या वेळी बोललो नव्हतो," ते म्हणाले.

"मागच्या वेळी माणूस जगला."

"हो," म्हणाले.

त्यानंतर ते रोज सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्याच्या खाटेवर जाऊन बसायचे. एरवी ते कुणाच्या खाटेवर बसत नसत. विचारायचे, "आता?" म्हातारा मान हलवायचा. मुलगा साहेबांचे पाय धरायचा, तुम्हीच कापा म्हणून. साहेब पाय सोडवून घेत आणि पुन्हा म्हाताऱ्याला विचारत. शेवटी म्हाताऱ्याला प्रश्न कळेनासा झाला, तरी दोनदा विचारलं. आठवडा पुरा झाला नाही, म्हातारा गेला.

मुलाने गाडी आणली. आम्ही म्हाताऱ्याला उचलून गाडीत ठेवलं. साहेब व्हरांड्यात उभे होते, हात मागे बांधून. मुलाने बैल जुंपले आणि मला हळूच विचारलं, "डाक्तरसाहेब आमच्यावर रागावल्यात का?"

मी म्हटलं, "नाही. त्यांचं तोंडच तसं आहे."